बढतीच्या यादीत नाव नसेल तेव्हा: आयटीतल्या नोकरदारासाठी पुढच्या सहा महिन्यांची वाट

अप्रेझलचे, म्हणजे वार्षिक मूल्यांकनाचे, पत्र मेलवर येते, पगारवाढीचा आकडा वाचून होतो आणि मग नजर ‘पदनाम’ या ओळीकडे जाते. तिथे गेल्या वर्षीचाच शब्द असतो. आपल्यानंतर दोन वर्षांनी रुजू झालेल्या सहकाऱ्याचे अभिनंदन करणारी मेल त्याच दुपारी सगळ्या टीमला येते आणि तिला उत्तर लिहिताना बोटे जड होतात. हा अनुभव मी घेतला आहे. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर सेवा कंपनीत नोकरीच्या सातव्या वर्षी माझे नाव यादीतून गळले. पुढे मी मॅनेजर झालो आणि ही यादी ज्या बैठकीत ठरते, तिथे काही वर्षे बसलो. दोन्ही बाजू पाहिल्यानंतर एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते: बढती नेमकी कशामुळे हुकली हे समजल्याशिवाय थांबण्याचा किंवा सोडण्याचा निर्णय घेऊ नये, कारण प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे आणि चुकीच्या उपायात वर्ष-दोन वर्षे सहज वाया जातात.

पुढचे विवेचन साधारण ५ ते १२ वर्षांचा अनुभव असलेल्या, हिंजवडी, खराडी, मगरपट्टा किंवा ऐरोलीसारख्या ठिकाणी सेवा कंपनीत काम करणाऱ्या वाचकाला समोर ठेवून केले आहे.

पहिले पंधरा दिवस

या काळात तीन गोष्टी टाळाव्यात: रागाच्या भरात राजीनामा टाकणे, मॅनेजरला रात्री अकरा वाजता लांबलचक मेल लिहिणे आणि टीमच्या ग्रुपवर मन मोकळे करणे. लिहिलेला शब्द मागे घेता येत नाही आणि पुढे कधी संदर्भासाठी याच माणसांना फोन जाणार असतो. घरी मात्र त्याच संध्याकाळी सांगावे. वाकडच्या किंवा मोशीच्या फ्लॅटचा हप्ता, मुलांच्या शाळेची फी, आईवडिलांचे औषधपाणी हे सगळे एकाच पगारावर उभे असेल, तर पुढच्या सहा महिन्यांचा बेत घरातल्या माणसांच्या माहितीनेच आखला पाहिजे.

या पंधरा दिवसांत आपली वैयक्तिक कागदपत्रे गोळा करून घरच्या संगणकावर ठेवावीत. त्यात नियुक्तीपत्र, आजवरची पगारवाढीची सर्व पत्रे, गेल्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या आणि मागच्या दोन-तीन वर्षांचे फॉर्म १६ असावेत. कंपनीचा कोड, क्लायंटची कागदपत्रे किंवा डिझाइनच्या फायलींना हात लावू नये. एखादी साधी एक्सेल फाइल वैयक्तिक मेलवर पाठवली तरी सुरक्षा विभागाकडे तिची नोंद होऊ शकते आणि तेवढ्यावरून चांगली कारकीर्द अडचणीत येते. त्याच वेळी भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर जाऊन यूएएन (निर्वाह निधीचा कायम क्रमांक) खात्यातले नाव, जन्मतारीख आणि आधीच्या नोकऱ्यांच्या रुजू झाल्याच्या व सोडल्याच्या तारखा तपासाव्यात. त्यात चूक असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो, आणि नव्या कंपनीची पार्श्वभूमी पडताळणी सुरू झाल्यावर तो वेळ आपल्याकडे नसतो.

बंद दाराआड काय ठरते

बहुतेक सेवा कंपन्यांचे अप्रेझल वर्ष एप्रिल ते मार्च असते. आपण स्वतःचे मूल्यांकन भरतो, मॅनेजर रेटिंग देतो, आणि त्यानंतर सगळ्यांची रेटिंग एकत्र ताडून पाहणारी नॉर्मलायझेशन किंवा कॅलिब्रेशन नावाची बैठक होते. तिथे पडद्यावर एक मोठी एक्सेल शीट उघडलेली असते. एका ओळीत एक माणूस, आणि पुढच्या रकान्यांत त्याचा बँड (पदाची श्रेणी), त्या बँडमधली वर्षे, मागची दोन रेटिंग, प्रोजेक्ट, बिलिंग चालू आहे (म्हणजे क्लायंट त्याच्या कामाचे पैसे देतो आहे) की नाही, सक्तीची प्रशिक्षणे पूर्ण आहेत की नाहीत. नावे भरपूर असतात, जागा मोजक्या असतात आणि सगळ्यांना घाई असते.

अशा एका बैठकीत एका सीनिअर इंजिनिअरचे नाव आले. त्याचा मॅनेजर म्हणाला, “खूप मेहनती आहे, सगळी टीम त्याच्यावर अवलंबून आहे.” विभागप्रमुखांनी विचारले, “म्हणजे वर्षभरात नेमके काय केले?” मॅनेजर थबकला, त्याने दोन-तीन प्रोजेक्टची नावे घेतली आणि चर्चा पुढे सरकली. पुढच्या ओळीतल्या मुलीच्या मॅनेजरकडे वाक्य तयार होते: “रात्री आपोआप चालणारी डेटा प्रक्रिया साडेपाच तासांवरून दीड तासावर आणली, आणि क्लायंटने तिचे नाव घेऊन मेल पाठवली.” तिच्या नावापुढे हिरवा रंग भरला गेला. दोन्ही नावांवर मिळून तीन मिनिटेही गेली नसतील. त्या पहिल्या मुलाबरोबर मी स्वतः काम केले होते आणि तो तसूभरही कमी नव्हता, पण माझ्याकडेही सांगण्यासारखा आकडा नसल्याने मी गप्प राहिलो. त्याचा मला आजही खेद वाटतो, आणि म्हणूनच आपल्या कामाचा हिशेब आपणच मॅनेजरच्या हातात तयार द्यावा असे मी प्रत्येकाला सांगतो.

या बैठकीमागे पैशाचे गणितही असते. सेवा कंपनी क्लायंटकडून प्रत्येक भूमिकेसाठी ठरलेला दर घेते. आपली बढती झाली तरी करारातला दर तोच राहिला, तर आपला वाढलेला पगार थेट कंपनीच्या नफ्यातून जातो. म्हणून टीमचा पिरॅमिड खाली रुंद आणि वर अरुंद ठेवण्याकडे व्यवस्थापनाचा कल असतो, आणि मधल्या थरात गर्दी झाली की तिथल्या माणसांची वाट अडते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हाही रोख मुख्यतः मधल्या आणि वरच्या थराकडे होता. हे ध्यानात घेतले, की बढती हुकणे म्हणजे आपल्या गुणवत्तेवरचा निकाल आहे ही भावना बरीच निवळते.

कारण शोधण्याची भेट

ढोबळमानाने चार कारणे संभवतात. पहिले, जागाच नव्हती. दुसरे, काम होते पण त्याची मांडणी झाली नाही. तिसरे, पाठबळ नव्हते, म्हणजे आपल्यासाठी बोलणारा माणूस बैठकीत नव्हता किंवा वर्षाच्या मध्येच मॅनेजर बदलला होता. चौथे, पुढच्या पदासाठी लागणारे एखादे कौशल्य खरोखरच आपल्याकडे कमी आहे. चौथे कारण मान्य करणे सर्वांत जड जाते, पण चारांपैकी तेच सर्वस्वी आपल्या हातातले आहे.

मन शांत झाल्यावर मॅनेजरकडे अर्ध्या तासाची स्वतंत्र वेळ मागावी. “त्याला मिळाली, मला का नाही?” हा प्रश्न कटाक्षाने टाळावा, कारण त्याला उत्तर म्हणून बचावच ऐकायला मिळतो. त्याऐवजी पुढील प्रश्न विचारावेत:

“या वर्षी आपल्या युनिटमध्ये माझ्या बँडमधून किती जणांना बढती मिळाली?”

“माझे नाव पाठवले गेले होते का, आणि गेले असेल तर कोणत्या टप्प्यावर थांबले?”

“पुढच्या बँडवरच्या माणसाकडून अपेक्षित असलेले कोणते काम मी आज करत नाही?”

“पुढच्या वेळी माझे नाव द्यायचे झाले, तर डिसेंबरपर्यंत काय दिसायला हवे?”

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. नाव पाठवलेच नव्हते असे उत्तर आले, तर अडचण मॅनेजरच्या पातळीवर आहे. पाठवले होते पण वर थांबले, तर अडचण जागेची किंवा मांडणीची आहे. “बजेट नव्हते” एवढेच सांगितले गेले, तर पहिल्या प्रश्नाच्या उत्तराशी ते ताडून पाहावे. त्याच युनिटमध्ये चार जणांना बढती मिळाली असेल, तर बजेट होते आणि ते दुसरीकडे गेले. भेट झाल्यावर त्याच दिवशी चार-पाच ओळींची सभ्य मेल पाठवावी, ज्यात ठरलेले मुद्दे आणि पुन्हा भेटण्याची तारीख असेल. मॅनेजर बदलला तर ही मेलच आपली साक्ष ठरते. भेट होऊनही चित्र धूसर राहिले तर मॅनेजरच्या वरिष्ठांना भेटण्यास हरकत नाही, पण मॅनेजरला आधी सांगून.

थांबायचे की निघायचे

कारण जागेचे असेल तर आधी कंपनीतच दुसरीकडे पाहावे. वाढत असलेल्या अकाउंटमध्ये, म्हणजे एखाद्या क्लायंटच्या वाढत्या कामात, जागा निर्माण होतात, आटत चाललेल्या मेंटेनन्स प्रोजेक्टमध्ये त्या होत नाहीत. बहुतेक मोठ्या कंपन्यांत अंतर्गत जागांची यादी असते आणि सध्याच्या प्रोजेक्टमध्ये ठरावीक काळ झाला की अर्ज करता येतो. कारण मांडणीचे असेल तर एक वर्ष थांबणे योग्य ठरते, मात्र दर महिन्याच्या शेवटी तीन ओळी लिहून ठेवण्याच्या अटीवर: काय केले, त्याने काय बदलले, आणि ते कोणी पाहिले. मार्चमध्ये वर्षभराचे आठवायला बसले की शेवटचे दोन महिनेच आठवतात.

पाठबळाच्या बाबतीत एक सापळा मी अनेकांच्या वाट्याला आलेला पाहिला आहे. एखादे जुने मॉड्यूल एकट्यालाच कळते, मध्यरात्री काही बिघडले की फोन त्यालाच जातो, आणि त्याला वाटते की आता आपल्याला कोणी डावलू शकणार नाही. प्रत्यक्षात तो ज्या जागी आहे तिथून हलवणे कंपनीला परवडत नाही, म्हणून त्याचे नाव पुढे जात नाही. यावरचा उपाय मनाविरुद्ध वाटतो, पण तो लागू पडतो: आपल्याला येते ते सगळे लिहून काढावे, एका कनिष्ठ सहकाऱ्याला तयार करावे आणि तो आता सांभाळू शकतो हे मॅनेजरला दाखवून द्यावे.

सलग दोन वर्षे तेच उत्तर मिळाले, ठरलेल्या गोष्टी करूनही निकष बदलले गेले, किंवा आपले सगळे काम कंपनीच्या अंतर्गत टूलपुरते उरले आणि बाहेर त्याला विचारणारे कोणी नाही असे दिसले, तर निघण्याची तयारी करावी. मात्र हातात नोकरी असतानाच शोध सुरू करावा. पगार चालू असलेला उमेदवार नाही म्हणू शकतो, आणि नाही म्हणता येणे हीच वाटाघाटीतली खरी ताकद असते.

निघण्याआधी कॅलेंडर समोर घ्यावे. कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी सलग ५ वर्षांची सेवा लागते आणि प्रत्येक वर्षासाठी हिशेबाला धरल्या जाणाऱ्या शेवटच्या मासिक वेतनाचा पंधरा भागिले सव्वीस एवढा भाग मिळतो. हे वेतन ६०,००० रुपये असेल तर एका वर्षाचे सुमारे ३४,६१५ आणि पाच वर्षांचे सुमारे १,७३,००० रुपये होतात. ४ वर्षे ५ महिने झालेल्या माणसाने आजच राजीनामा देऊन महिन्याभरात बाहेर पडायचे ठरवले, तर तो ही रक्कम सोडून जातो. तीन महिन्यांची नोटीस धरून थोडे थांबला तर ती त्याची असते. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर ते वर्ष पूर्ण धरावे असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, पण प्रत्येक कंपनी तो आपणहून पाळत नाही, म्हणून एचआरकडून लेखी उत्तर घेतलेले बरे. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीनुसार बदलणारा, पगार कोणत्या महिन्यात मिळतो, त्या दिवशी नोटीसवर असलेल्यांना तो देतात का, कंपनीने भरलेल्या प्रमाणपत्र परीक्षेची फी परत करावी लागते का, हेही याच वेळी पाहावे.

बायोडेटा आणि बाजार

आयटीतल्या बायोडेट्याची सर्वांत मोठी उणीव म्हणजे त्यात जबाबदाऱ्या असतात आणि परिणाम नसतात. एका मैत्रिणीच्या बायोडेट्यात ओळ होती: ‘पेमेंट मॉड्यूलच्या डेव्हलपमेंट आणि सपोर्टसाठी जबाबदार.’ आम्ही दोघे तासभर बसलो. रोज किती व्यवहार होतात, बिघाड किती व्हायचे, तिने काय बदलले, असे विचारत गेल्यावर तीच ओळ अशी झाली: ‘रोज सुमारे ४ लाख व्यवहार हाताळणाऱ्या पेमेंट सेवेत पुनर्प्रयत्नाची रचना बदलली; अडकलेले व्यवहार महिन्याला १,२०० वरून ९० वर आले; चार जणांच्या टीमचे कोड रिव्ह्यू आणि रिलीज सांभाळते.’ काम तेच होते, तीच व्यक्ती होती. मुलाखतींचे फोन मात्र त्यानंतर येऊ लागले. शेवटचा भाग मुद्दाम पाहावा: पदनाम मिळाले नसले तरी लीडचे काम ती करत होती आणि ते बायोडेट्यात दिसायलाच हवे. पदनाम मात्र पत्रात आहे तेच लिहावे. पडताळणीत पदनामाची फुगवलेली नोंद सापडली तर हातातली ऑफर रद्द होते.

दोन पाने पुरेत. टेबल, चित्रे आणि दोन रकान्यांची सजावट टाळावी, कारण अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचते आणि अशा मांडणीत मजकूर विस्कटतो. जाहिरातीतल्या तंत्रज्ञानांची नावे आपल्याला खरोखर येत असतील तर त्याच शब्दांत लिहावीत. नौकरी डॉट कॉमवर सध्याच्या कंपनीला आपली माहिती दिसू नये अशी सोय आहे, ती आधी वापरावी. लिंक्डइनवर फक्त रिक्रूटरांना दिसेल अशी खूण करता येते, पण तिथे पूर्ण गुप्ततेची हमी नाही हे लक्षात असू द्यावे. प्रोफाइल दर काही दिवसांनी अद्ययावत केले की रिक्रूटरच्या शोधात ते वर राहते.

नोटीस पिरियड ही आपल्याकडची मोठी अडचण आहे. ९० दिवसांची नोटीस असलेल्यांना अनेक रिक्रूटर पहिल्याच गाळणीत वगळतात. केवळ त्यापायी हातात ऑफर नसताना राजीनामा देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. घरात दुसरा पगार आणि सहा-आठ महिन्यांचा खर्च बाजूला नसेल, तर तो सल्ला मानू नये. त्यापेक्षा ओळखीतून जावे. जुन्या टीममधले जे लोक दुसरीकडे गेले आहेत त्यांची यादी करावी आणि प्रत्येकाला स्वतंत्र, नेमका संदेश लिहावा: कोणत्या जागेसाठी, जागेचा क्रमांक काय, आणि आपण त्या जागेला का योग्य आहोत. आतल्या माणसाने पाठवलेला अर्ज निदान माणसाच्या डोळ्यांखालून जातो, आणि चांगल्या उमेदवारासाठी ९० दिवस थांबण्याची तयारीही तिथेच दिसते.

सेवा कंपन्यांच्या बाहेरही पाहावे. नॅसकॉम आणि झिनोव्ह यांच्या २०२४ च्या अहवालानुसार परदेशी कंपन्यांची १,७०० हून अधिक स्वतःची केंद्रे भारतात आहेत आणि पुण्यात त्यांची मोठी संख्या आहे. तिथे बिलिंगचा दर हा प्रश्न नसल्याने बढतीचे गणित वेगळे असते. पदनामांवरून मात्र फसू नये. अनेक परदेशी बँकांच्या केंद्रांत असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट म्हणवणारा माणूस दिवसभर कोडच लिहीत असतो, आणि त्यात काहीच कमीपणा नाही. फक्त आपण कोणत्या पातळीवर जात आहोत हे जबाबदाऱ्या विचारून समजून घ्यावे.

नोकरी लावून देतो म्हणून नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपच्या अनामतीसाठी कोणी पैसे मागितले, तर ते बोलणे तिथेच थांबवावे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

मुलाखतीतला अवघड प्रश्न

तांत्रिक फेऱ्यांच्या तयारीसाठी रोज एक तास आणि शनिवार-रविवारी तीन तास असे दोन महिने काढावेत. सात-आठ वर्षांच्या अनुभवानंतर कोडिंगपेक्षा सिस्टिम डिझाइनच्या (संपूर्ण प्रणालीची रचना मांडण्याच्या) फेरीत जास्त लोक अडखळतात, म्हणून तिकडे अधिक वेळ द्यावा. आपल्याच प्रोजेक्टची रचना कागदावर काढून, हाच डेटाबेस का घेतला, भार दसपट झाला तर आधी काय कोसळेल, असे प्रश्न स्वतःला विचारणे ही सर्वांत उपयोगी तयारी आहे.

खरी कसोटी मॅनेजरच्या फेरीत लागते. “आठ वर्षे झाली, अजून सीनिअर इंजिनिअरच का?” हा प्रश्न येणार हे धरून चालावे. इथे जुन्या कंपनीवर ताशेरे ओढले की समोरचा माणूस मनात नोंद करतो, की उद्या हा आपल्याबद्दलही असेच बोलेल. उत्तर खरे आणि छोटे असावे: “माझे अकाउंट स्थिर आहे, तिथे लीडच्या जागा गेली दोन वर्षे वाढलेल्या नाहीत. लीडचे काम मी दीड वर्षापासून करतो आहे, चार जणांचे रिलीज माझ्याकडे आहेत. आता ते काम त्या पदावरून करण्याची संधी शोधतो आहे.” एवढे बोलून थांबावे. आणखी समर्थन देऊ लागले की दुखरी जागा दिसते. हे वाक्य घरी मोठ्याने पंधरा-वीस वेळा म्हणून पाहावे, म्हणजे आवाज कापत नाही.

ऑफरचा हिशेब

‘२४ लाखांचे पॅकेज’ ऐकून मनात बारा भागिले होऊन दोन लाख महिना होतो. कागद समोर घ्यावा. समजा या २४ लाखांत व्हेरिएबल ३,६०,०००, पहिल्या वर्षाचा जॉइनिंग बोनस १,५०,०००, कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा १,४४,०००, ग्रॅच्युइटीची तरतूद ५७,७२० आणि विम्याचा हप्ता २०,००० धरला आहे. हे वजा केल्यावर वर्षाला १६,६८,२८० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे १,३९,००० उरतात. त्यातून आपला निर्वाह निधीचा १२,००० चा वाटा आणि व्यवसाय कराचे २०० रुपये गेले की सुमारे १,२६,८०० रुपये राहतात, आणि आयकर अजून कापायचा आहे. सध्याच्या पगाराचाही असाच हिशेब करून दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. वाढीची टक्केवारी त्यावरून काढावी.

वाटाघाटीत निश्चित पगारावर आणि पदनामावर जोर द्यावा. ज्याची बढती हुकली आहे तो कधी पदासाठी पगार सोडतो, तर कधी पगारासाठी पुन्हा त्याच पातळीवर जातो. मी या दुसऱ्या पर्यायाच्या जास्त विरोधात आहे, कारण पुढच्या प्रत्येक मुलाखतीत बोलणी याच पातळीपासून सुरू होतात. जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडल्यास परत करावा लागतो का, व्हेरिएबल गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्षात किती टक्के दिले, नोटीस किती दिवसांची आहे, हे लेखी विचारावे.

राजीनामा, नोटीस आणि काउंटर ऑफर

सही केलेले ऑफर लेटर हातात पडल्यावरच राजीनामा द्यावा, आणि आधी मॅनेजरला समोरासमोर सांगून मग मेल करावी. मेलमध्ये तारीख, शेवटचा दिवस आणि आभार एवढेच असावे.

त्यानंतर दोन-चार दिवसांत बहुधा बोलावणे येते: पगार वाढवतो, पुढच्या सायकलमध्ये बढती नक्की. काउंटर ऑफर प्रत्येक वेळी नाकारावी असे मी म्हणणार नाही. अडचण फक्त पगाराची असेल आणि वाढीव पगाराचे पत्र आजच्या तारखेचे असेल, तर विचार करता येतो. पण बढतीचे तोंडी आश्वासन देणाऱ्याला ती बढती एप्रिलमध्ये का देता आली नाही, हा प्रश्न स्वतःला विचारावा. नव्या कंपनीला शब्द देऊन मागे फिरणेही जपून करावे. पुण्यातले रिक्रूटर आणि मॅनेजर कंपन्या बदलत राहतात आणि नावे लक्षात ठेवतात.

नोटीस कमी करून हवी असेल तर पर्यायी माणूस आणि ज्ञान हस्तांतरणाचे वेळापत्रक घेऊनच मॅनेजरकडे जावे. उरलेल्या दिवसांचे पैसे भरण्याची सोय असेल, तर ते मूळ वेतनावर मोजतात की एकूण पगारावर, हे नियुक्तीपत्रात पाहावे. दोन्हींत मोठा फरक पडतो. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जाण्यास सरसकट बंदी घालणारे कलम भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ समोर टिकत नाही. किमान सेवेच्या बाँडचे तसे नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. त्यामुळे बाँडवर सही केली असेल तर तो फाडून टाकण्यासारखा कागद आहे असे समजू नये.

नोटीसच्या काळात काम सैल सोडू नये आणि गृहकर्जासारखा मोठा अर्जही करू नये. दोन्ही नोकऱ्यांचे दिवस एकमेकांवर चढू देऊ नयेत, कारण निर्वाह निधीच्या नोंदीत ते ठळक दिसते आणि पडताळणीत प्रश्न उभा राहतो.

शेवटच्या दिवसानंतर

रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचे पत्र आणि अंतिम हिशेबाचा तक्ता मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे आहे. उशीर होत असेल तर एचआरला लिहिताना याचा सौम्य उल्लेख करावा. कंपनीचा आरोग्य विमा सहसा शेवटच्या दिवशी संपतो आणि नवा रुजू झाल्यावर सुरू होतो. मधल्या दिवसांत आईवडिलांचे काही निघाले तर संरक्षण नसते, म्हणून दोन तारखांत खंड असेल तर आधीच विमा कंपनीशी बोलावे. स्वतंत्र पॉलिसीत जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा ३ वर्षांपर्यंत असू शकते, त्यामुळे अशी एक पॉलिसी नोकरीच्या काळातच घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे.

नव्या कंपनीला चालू वर्षातले आधीचे उत्पन्न आणि कापलेला कर कळवावा. तसे केले नाही, तर दोन्हीकडे वजावट आणि कमी दराचे टप्पे वेगवेगळे धरले जातात आणि विवरणपत्र भरताना एकरकमी मोठा कर निघतो. निर्वाह निधीची रक्कम काढू नये, नव्या खात्यात वर्ग करावी. ५ वर्षांपेक्षा कमी सलग सेवेत काढलेली रक्कम करपात्र ठरते आणि वर्ग केल्यास जुनी सेवा मोजली जाते. दोन महिन्यांनी संकेतस्थळावर पुन्हा जाऊन जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली आहे का ते पाहावे. भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर ती तिथूनच आपल्याला स्वतः नोंदवता येते.